रस्ता सगळ्यांचा, झीज मुख्यतः एकाची: दुरुस्तीचा खर्च शहराने आणि व्यवसायाने कसा वाटून घ्यावा?

काठावरची (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न इथे मांडते आहे. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या रस्त्यावर मध्यावर एक मालवाहतुकीचं गोदाम आहे. रस्ता नवा कोरा झाला त्याच सुमारास ते सुरू झालं, त्याला आता ५ वर्षं होतील. गोदामाच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा साधारण ३०० मीटरचा पट्टा आज पार उखडला आहे. फाटकाच्या पलीकडचा भाग त्याच वेळी, त्याच कंत्राटात झालेला. तो अजून बरा आहे.

गोदामाच्या मालकांनी स्वतःहून शहराला पत्र दिलं, "दुरुस्तीचा निम्मा खर्च आम्ही उचलतो, निम्मा तुम्ही उचला." त्यावर रहिवाशांची बैठक झाली. काहींचं म्हणणं, कोण देतं हल्ली एवढं, पैसे घ्या आणि काम उरकून टाका. काहींचं म्हणणं, रस्ता त्यांच्याच ट्रकांनी फोडला, तर सगळा खर्च त्यांनीच द्यावा. दोन तास आवाज चढले, पण निम्मा हा आकडा आला कुठून हे एकानेही विचारलं नाही. मीही तेव्हा गप्प बसले, त्याची रुखरुख लागून राहिली.

म्हणून गेल्या आठवड्यात ६ दिवस वही घेऊन बसले. सरासरी अशी निघाली: दिवसाला ४० भरलेले ट्रक बाहेर पडतात आणि रिकामे परत येतात. बसच्या ३० फेऱ्या होतात, त्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कचऱ्याच्या गाड्या ४, त्याही पूर्ण रस्ताभर. मोटारी ३००० च्या घरात. दुचाकी मोजायचा नाद तिसऱ्या दिवशी सोडला.

एक गोष्ट जवळून पाहिली ती सांगते. भरलेला ट्रक फाटकातून बाहेर येऊन वळतो तेव्हा मागची जोडचाकं जवळजवळ जागच्या जागी घासली जातात. खडी सुटल्याचा करकर आवाज येतो. ट्रक गेल्यावर मी वाकून खडे उचलले. एका बाजूला काळं डांबर, दुसऱ्या बाजूला स्वच्छ, कोरा दगड, आत्ताच तुटून आलेला. तिथून पुढे मुख्य रस्त्यापर्यंत दोन चाकोऱ्या पडल्या आहेत, सहज बोटभर खोल. त्यांच्या आजूबाजूला मगरीच्या कातडीसारख्या भेगा. कडेच्या चाकोरीत आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी दुपारपर्यंत तसंच होतं.

माझा प्रश्न एवढाच: न्याय्य वाटा काढायचा कसा? "त्यांना परवडतं" किंवा "ते तयार आहेत" यापलीकडचा काही आधार आहे का?

---

दोनचाकी

तत्त्वाची चर्चा करा, पण रस्ता आधी करून घ्या ही कळकळीची विनंती. पाण्याने भरलेल्या चाकोरीत पुढचं चाक गेलं की गाडी हातात राहत नाही. माझ्या बहिणीचं मनगट अशाच एका ठिकाणी मोडलं. वाटा ६० टक्के की ४० टक्के हे ठरेपर्यंत आणखी एक पावसाळा जाणार असेल, तर निम्म्यावर सही करा.

---

खडीडांबर

धागाकर्तीने मोजणी केली हे फार बरं झालं. रस्त्यांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहितो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. वेगवेगळ्या जाडीचे रस्त्यांचे वळसे बांधले आणि लष्कराच्या चालकांनी त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक दोन वर्षं फिरवले. ११ लाखांहून अधिक ॲक्सलफेऱ्या झाल्या (ॲक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा). त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरात आहे: ॲक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे घात थोडा कमी-जास्त होतो, पण ढोबळ हिशेबाला चौथा घात चालतो. म्हणजे वजन दुप्पट झालं की झीज १६ पट. ॲक्सलवर मर्यादेपेक्षा २० टक्के जास्त वजन पडलं की झीज दुप्पट. ओव्हरलोड गाडीचा आम्हाला एवढा राग का येतो ते यावरून कळेल.

मोजायचं एकक म्हणजे प्रमाणित ॲक्सल, सुमारे ८.१६ टनांचा. आता तुमची वही घेऊ. दोन ॲक्सलचा १६ टनी ट्रक धरतो, पुढे ६ टन, मागे १०. त्याची एक फेरी म्हणजे जवळपास अडीच प्रमाणित ॲक्सल. असे ४० ट्रक आणि त्यांच्या रिकाम्या फेऱ्या मिळून दिवसाला १०४. बस पुढे ६ आणि मागे ९ टन धरली तर ३० फेऱ्यांचे ५३. कचऱ्याच्या चार गाड्यांचे ८ धरा. आणि दीड टनाच्या ३००० मोटारी मिळून? अर्धासुद्धा नाही. सगळ्या मोटारींची मिळून झीज एका भरलेल्या ट्रकच्या पाचव्या हिश्शाएवढीही होत नाही. दुचाकी मोजणं सोडलंत त्याने काही बिघडलं नाही.

एकूण १६५, त्यात गोदामाचे १०४. म्हणजे वजनामुळे झालेल्या झिजेत त्यांचा वाटा सुमारे ६३ टक्के. वजनं मी अंदाजाने धरली आहेत. खरी वजनं काट्यावर करून घ्या, आकडा थोडा हलेल.

फाटकापलीकडचा बरा राहिलेला भाग तर तुमचा आयता पुरावा आहे. तिथे बस आणि कचरागाड्या त्याच आहेत, नाहीत ते फक्त ट्रक. रोज ६१ प्रमाणित ॲक्सल धरून १० वर्षांसाठी बांधलेल्या रस्त्यावर १६५ गेले तर त्याचं आयुष्य पावणेचार वर्षांवर येतं. तुमचा ५ वर्षांत गेला, म्हणजे हिशेब बराच जुळतो.

पण, आणि हा पण मोठा आहे, रस्ता फक्त वजनाने मोडत नाही. उन्हाने डांबर कडक होतं, पाणी खालच्या थरात मुरतं, केबलसाठी चर खणून नीट बुजवत नाहीत. चाकोरीत पाणी साठतं असं तुम्ही लिहिलंय. कडेचं गटार चालू आहे का?

---

काठावरची

इतकं तपशीलवार लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गटार पाहून आले. गोदामाच्या पुढच्या भागात दोन जाळ्या डांबराखालीच गेल्या आहेत. दीड वर्षापूर्वी केबलसाठी कडेने चर खणला होता. तो ज्यांनी बुजवला त्यांनीच जाळ्या झाकल्या असाव्यात. चराची पट्टी आता आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा खाली बसली आहे.

---

खडीडांबर

मग तेवढा भाग गोदामाच्या माथी मारू नका. पाणी मुरून खालचा थर मऊ झाला की तोच ट्रक दुप्पट नुकसान करतो. गटार बंद राहिलं ही शहराची हयगय, चर नीट बुजवला नाही ही केबलवाल्यांची. रस्त्याचे गाभे, म्हणजे वरपासून खालपर्यंत गोल कापून काढलेले नमुने, काढून बघा. खालची खडी मातीत मिसळली असेल तर ते पाण्याचं काम. थर शाबूत राहून वरचं डांबर दबलं आणि बाजूला सरकलं असेल तर ते वजनाचं.

---

फाटकाच्या_आतून

मी तुमच्या रस्त्यावरचा नाही, पण असाच व्यवसाय चालवतो. आमची बाजूही ऐका.

आम्ही जागा घेतली तेव्हा गोदामाचा परवाना शहरानेच दिला. किती ट्रक येतील ते अर्जात लिहिलं होतं. तरीही रस्ता घरांसमोरच्या रस्त्याच्या जाडीचा बांधला. मालमत्ता कर व्यावसायिक दराने भरतो. प्रत्येक ट्रकचा वाहनकर आणि इंधनावरचा कर वेगळा. हे सगळं भरून झाल्यावर "रस्ता तुम्ही फोडला" असं ऐकवलं जातं, तेव्हा वाईट वाटतं.

आम्ही एकदा स्वखुशीने खर्च दिला. पुढच्या वर्षी शेजारच्या रस्त्यासाठीही पत्र आलं, ज्यावरून आमची एकही गाडी जात नाही. एकदा दिलं की देणारा अशी नोंद होते. मला वाटा द्यायला हरकत नाही, पण तो कशाचा आहे आणि कुठे संपतो हे कागदावर हवं. तुमच्या गोदामाच्या मालकांनी निम्मा का म्हटला ते मी सांगू शकतो. निम्म्यावर कोणी वाद घालत नाही, म्हणून.

---

जमाखर्च

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी त्यात एक भर घालते: निम्मा म्हणजे कशाचा निम्मा? अंदाजपत्रकाचा, निविदेतल्या रकमेचा, की काम संपल्यावर मोजमाप पुस्तिकेत निघालेल्या प्रत्यक्ष खर्चाचा? खोदल्यावर खालचा थर खराब निघाला आणि काम वाढलं, तर वाढीव खर्च कुणाचा? पत्रात "निम्मा" एवढंच असेल तर भांडण तिथेच पेरलेलं आहे.

दुसरं, पैसे कोणत्या खात्यात जाणार? शहराच्या सर्वसाधारण निधीत गेले तर ते याच रस्त्यावर खर्च होतील याची खात्री नाही. स्वतंत्र खातं, कामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे काढायचे, आणि उरले तर दोघांना वाट्याप्रमाणे परत. कंत्राटदार मात्र शहरानेच निविदा काढून नेमावा. व्यवसायाने आपलाच कंत्राटदार लावला की दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम झाल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या काळात, खड्डा पडल्यावर कुणाच्या मागे लागायचं हे कळत नाही.

---

कलम_पोटकलम

दुसऱ्या देशांत यावर काय केलं आहे ते सांगतो. आपल्याला जसंच्या तसं लागू होणार नाही, पण विचाराला आधार मिळेल.

इंग्लंडमध्ये १८७८ पासून कायद्यात "असाधारण वाहतूक" अशी कल्पना आहे. आज ती १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम ५९ मध्ये आहे. अवजड किंवा असाधारण वाहतुकीमुळे रस्त्याच्या देखभालीवर, तो रस्ता किंवा परिसरातले तसेच रस्ते यांच्या सरासरी खर्चाहून जास्त खर्च झाला, तर तो जादा खर्च त्या वाहतुकीला जबाबदार असणाऱ्याकडून वसूल करता येतो. शब्द नीट वाचा: पूर्ण खर्च नाही, निम्मा नाही, सरासरीच्या वरचा खर्च. त्याच कलमात आधीच ठरावीक रक्कम देऊन जबाबदारी मिटवण्याची सोय आहे. शिवाय मुदत आहे. नुकसान झाल्यापासून १२ महिन्यांत, आणि दीर्घकाळ चाललेल्या कामामुळे झालं असेल तर काम संपल्यापासून ६ महिन्यांत दावा करावा लागतो. पाच वर्षं गप्प बसून मग बिल पाठवता येत नाही.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात वजनाची मर्यादा घातलेल्या रस्त्यावरून जास्त वजनाच्या गाड्या न्यायच्या असतील तर आधी करार करावा लागतो आणि हमी ठेवावी लागते. पक्क्या रस्त्याला मैलामागे १२,५०० डॉलर, कच्च्याला ६,०००. एक मैल रस्ता नव्याने करायला याच्या कित्येक पट खर्च येतो, त्यामुळे ही हमी अपुरीच. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. गाड्या सुरू होण्याआधी रस्त्याची अवस्था तपासून नोंदवायची. नंतर जे बिघडेल त्याची तुलना त्या नोंदीशी करायची. एकापेक्षा जास्त जण तोच रस्ता वापरत असतील तर त्यांनी आपापसांत वाटा पाडायचा.

आता दुसरी बाजू. शहरानेही वाटेल ते मागू नये, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. पहिला १८९८ चा. ओहायोतल्या नॉरवूड गावाने बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून रस्ता काढला आणि त्याचा सगळा खर्च, त्यांना दिलेल्या भरपाईसकट, त्यांच्याच जमिनीवर आकारला. न्यायालय म्हणालं, मालकाला झालेल्या विशेष लाभापेक्षा बरीच जास्त आकारणी म्हणजे विनामोबदला मालमत्ता घेणंच. दुसरा निकाल १९९४ चा, ओरेगनमधल्या टिगार्ड शहराविरुद्ध. नळसामानाचं आणि विजेच्या वस्तूंचं एक दुकान वाढवायचं होतं. परवानगीच्या बदल्यात शहराने सायकलमार्गासाठी आणि ओढ्याकाठच्या पूरपट्ट्यासाठी जमीन मागितली. न्यायालयाने म्हटलं की दुकानामुळे पडणारा भार आणि शहराची मागणी यांचं ढोबळ प्रमाण तरी जुळलं पाहिजे, आणि ते त्या प्रकरणापुरतं तपासून दाखवायची जबाबदारी शहराची.

म्हणून धागाकर्तीच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधार आहे. झालेल्या नुकसानाचं मोजमाप हाच आधार. गोदामाला काय परवडतं याचा इथे संबंध नाही.

---

पायवाट

पैशांच्या हिशेबात एक गोष्ट सुटते आहे असं मला वाटतं. खर्च देणाऱ्याला आपण नकळत काय देऊन बसतो?

२००९ मध्ये केएफसीने अमेरिकेच्या लुईव्हिल शहरात खड्डे बुजवून दिले आणि त्यांवर आपलं नाव उमटवलं. २०१८ मध्ये डॉमिनोजने अनेक गावांना रस्तादुरुस्तीसाठी ५,००० डॉलरची अनुदानं दिली, तिथेही बुजवलेल्या जागेवर कंपनीचं चिन्ह रंगवलं गेलं. खड्डे बुजले हे चांगलंच झालं. पण कोणता रस्ता आधी दुरुस्त व्हावा हे जाहिरातीच्या सोयीने ठरू नये, जिथे माणसं पडतात तो आधी व्हावा.

मी पूर्वी राहत होते तिथे एका कारखान्याने समोरचा रस्ता स्वखर्चाने करून दिला. सगळ्यांनी हार-तुरे दिले. सहा महिन्यांत फाटकासमोर दोन्ही बाजूंना "फक्त कंपनीच्या वाहनांसाठी" अशा पाट्या लागल्या. मग साखळ्या आल्या. एकदा संध्याकाळी रखवालदार शाळेतून येणाऱ्या मुलांना "पलीकडून जा" म्हणून हाकलत होता. मी त्याला विचारलं, हा रस्ता कुणाचा? तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "आमच्या साहेबांनी केलाय ना." त्या माणसावर मला राग नाही. त्याला तसंच सांगितलेलं होतं. पण करारात एक ओळ असती तर पाट्या लावायला कुणी धजावलं नसतं.

---

शेवटची_पायरी

माझा छोटा व्यवसाय आहे, अशाच एका रस्त्यावर. मला भीती वेगळी वाटते. शहराला एकदा कळलं की व्यवसायांकडून रस्त्याचे पैसे काढता येतात, तर ते मोजमापाच्या भानगडीत कशाला पडेल? सरळ दर्शनी लांबीवर आकारणी होईल. माझ्या दाराशी दिवसाला एक टेम्पो येतो, आणि रस्त्याकडची माझी भिंत गोदामाच्या फाटकापेक्षा लांब आहे.

जर्मनीत बऱ्याच राज्यांत रस्ता नव्याने करताना लगतच्या मालकांकडून वाटा घेण्याची पद्धत होती. लोक इतके वैतागले की बव्हेरियाने १ जानेवारी २०१८ पासून ती बंद केली. माझ्यासारख्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेच असतं, एक दिवस दारात येणारं बिल.

---

कलम_पोटकलम

तुमची भीती रास्त आहे, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लाभावरची आकारणी: रस्ता चांगला झाला, तुमच्या मालमत्तेला फायदा झाला, म्हणून द्या. दुसरी नुकसानावरची: तुमच्या वाहतुकीने नेहमीपेक्षा जास्त झीज झाली, म्हणून द्या. तुमच्या एका टेम्पोची झीज खडीडांबर यांच्या हिशेबात दिसणारही नाही. गोंधळ होतो तो शहर एकीचं नाव घेऊन दुसरी वसूल करतं तेव्हा. करारात "नुकसानाचा वाटा" हा शब्द स्पष्ट लिहिला तर इतर दुकानांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

---

जुनी_वाट

थोडा इतिहास. १५५५ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला की प्रत्येकाने वर्षातून ४ दिवस गावच्या रस्त्यांवर काम करायचं. त्यातही ज्यांच्याकडे जास्त जमीन किंवा नांगर-बैलांची जोडी, त्यांनी गाडी आणि दोन माणसं पाठवायची. १७५३ च्या कायद्याने अवजड मालगाड्यांना ९ इंच रुंद चाकं लावायला सांगितली, कारण अरुंद चाकं रस्ता कापत जातात. म्हणजे गाडी जास्त त्याने जास्त द्यायचं, आणि चाक बदलून झीज कमी करायची, हे दोन्ही विचार जुनेच आहेत. ट्रकांचे ॲक्सल वाढवून तेवढाच माल नेला तर झीज किती घटेल, याचा हिशेब कुणी मांडेल का?

---

खडीडांबर

मांडतो, फार मोलाचा मुद्दा आहे. मागचे १० टन एका ॲक्सलऐवजी दोन ॲक्सलवर पाच-पाच टन विभागले तर तिथली झीज साधारण एक अष्टमांश होते. माल तोच, रस्ता आठपट सुखी. म्हणून करारात वाटा ट्रकांच्या संख्येवर न ठेवता प्रमाणित ॲक्सलवर ठेवा. मग गोदामवाले स्वतःच तीन ॲक्सलच्या गाड्या लावतील, कारण त्यांचं बिल कमी होईल. नुसता दंड लावून हे होत नाही.

आता या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा. झालेल्या झिजेत गोदामाचा वाटा ६३ टक्के. पण सुरुवातीलाच ट्रक येणार हे धरून रस्ता जाड बांधला असता तर किती जादा खर्च आला असता? भार ६१ वरून १६५, म्हणजे २.७ पट. पण रस्त्याची सोसण्याची शक्ती जाडीपेक्षा फार झपाट्याने वाढते. ओटावाच्या चाचणीवर आधारलेल्या सूत्राने मध्यम रस्त्यासाठी हिशेब केला तर २.७ पट भार पेलायला थरांची ताकद साधारण १५ टक्क्यांनी वाढवावी लागते. थोडी जास्त खडी, थोडं जास्त डांबर. खोदाई, गटार, मजुरी, यंत्रं यांचा खर्च जवळपास तोच.

म्हणजे ट्रक सुरू होण्याआधी कुणी बसून ठरवलं असतं, तर त्या थोड्या जास्तीच्या जाडीचा खर्च गोदामाने दिला असता आणि विषय संपला असता. ५ वर्षं उशीर झाला म्हणून आज ६३ टक्क्यांवर वाद घालतोय. परवाना देणारा विभाग आणि रस्ते बांधणारा विभाग शेजारच्या खोल्यांत बसतात आणि अर्जातला ट्रकांचा आकडा या खोलीतून त्या खोलीत जात नाही. याचं मला नोकरीभर दुःख वाटत आलं आहे.

---

फाटकाच्या_आतून

हे वाचून गलबलून आलं. ती जास्तीची जाडी आम्ही त्याच दिवशी, आनंदाने दिली असती. आमच्याकडे कुणी मागितलीच नाही.

---

दोनचाकी

माझं आधीचं मत थोडं बदलतो. निम्म्यावर सही करून तसाच पातळ रस्ता पुन्हा केला, तर पावणेचार वर्षांनी आम्ही परत तिथेच पडणार. पण तोपर्यंत चाकोऱ्या तात्पुरत्या भरा आणि त्या जाळ्या उघडा. त्याला ना करार लागतो ना निविदा.

---

काठावरची

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेऊन काल रस्ते विभागात गेले. सोबत आणखी दोन शेजारी होते आणि गोदामाचे मालकही आले. बोलणं दोन तास चाललं. काय झालं ते क्रमाने सांगते.

दोनचाकी, तुमचा मुद्दा सगळ्यात आधी मांडला. जाळ्या आज सकाळीच उघडल्या. दुपारी बघितलं तेव्हा आत तुंबलेलं पाणी गडगडत खाली जात होतं. चाकोऱ्या या आठवड्यात भरणार आहेत.

गाभे काढायचं मान्य झालं. फाटकाच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन, आणि एक चराच्या पट्टीत. तीनही बाजूंचे लोक हजर असतील. चराखालचा थर खराब निघाला तर तेवढा खर्च वाटणीत धरायचाच नाही, तो शहराने करायचा आणि केबलवाल्यांकडून वसूल करायचा. उरलेल्या झिजेचा वाटा प्रमाणित ॲक्सलवर काढायचा. वरच्या जादा जाडीचा पूर्ण फरक गोदामाचा. फाटकासमोरच्या वळणाच्या जागी काँक्रीट घालायचं, तेही त्यांच्याच खर्चाने. यावर ते लगेच हो म्हणाले, खडे त्यांनीही पाहिले होते.

पायवाट, तुमची ओळ मी स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिली: "या खर्चामुळे रस्त्यावर कोणताही हक्क, राखीव जागा किंवा फलक लावण्याचा अधिकार मिळत नाही." मालकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, मला हवंच नव्हतं ते. शेवटची पायरी, "नुकसानाचा वाटा" हे शब्द तीन ठिकाणी आहेत, आणि इतर व्यावसायिकांना हा करार लागू नाही असं वेगळं कलमही आहे. स्वतंत्र खात्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. लेखा विभागाचं उत्तर यायचं आहे. जमाखर्च, त्यासाठी नमुना लिहून देऊ शकाल का?

एका ठिकाणी अडलं होतं. मालक म्हणाले, माझे ट्रक काट्यावर घालता, मग बस आणि कचऱ्याच्या गाड्याही घाला. अधिकारी म्हणाले, त्या सार्वजनिक सेवेच्या आहेत. मी मालकांच्या बाजूने बोलले. शहराच्या गाडीचं वजनही रस्त्याला तेवढंच लागतं, आणि कचऱ्याच्या गाड्यांचे मिळून ८ च्या जागी १५ प्रमाणित ॲक्सल निघाले तर त्यांचा वाटा कमी व्हायलाच हवा. शेवटी ते मान्य झालं.

खडीडांबर, एक विनंती. गाभे परवा सकाळी ७ वाजता काढणार आहेत. जागा खडूने आखून ठेवल्या आहेत आणि त्यांचे फोटो मी तुम्हाला व्यक्तिगत संदेशात पाठवते आहे. चराजवळचा गाभा काठापासून किती आत घ्यायला हवा, तेवढं उद्या रात्रीपर्यंत सांगाल का?

---

खडीडांबर

फोटो पाहिले. एक गाभा चराच्या पट्टीत मधोमध घ्या आणि आणखी एक तिच्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर. दोन्हींत फरक दिसला तर पाणी चरातून शिरलं हे तिथेच कळेल. गाभे ओळीने पांढऱ्या कापडावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि फोटोवर तिघांच्या सह्या घ्या.